स्वमदतीची पुस्तकं : आधार कुठवर?

‘सेल्फ-हेल्प’ या इंग्रजी शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ चिकटले आहेत. खेड्यात हा शब्द उच्चारला की लोकांना बचत गट आठवतो. दर महिन्याला थोडे थोडे पैसे जमा करणाऱ्या, त्यातूनच एकमेकींना कर्ज देणाऱ्या आणि एकमेकींची हमी घेणाऱ्या दहा-वीस बायका. शहरात हाच शब्द उच्चारला की पुस्तकांच्या दुकानातलं एक कपाट डोळ्यांपुढे येतं. चकचकीत मुखपृष्ठं, शीर्षकात हमखास एखादा आकडा, आणि आत एकट्या वाचकाला उद्देशून केलेला उपदेश. पहिल्या अर्थात माणूस चारचौघांबरोबर असतो, दुसऱ्यात तो खोलीचं दार लावून एकटा बसलेला असतो. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढे तो आपल्याला पुन्हा लागणार आहे.

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते, आठवड्यातून दोन संध्याकाळी समुपदेशन करते आणि आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. त्यामुळे या पुस्तकांशी माझी गाठ तीन दारांतून पडते. विद्यार्थी त्यांच्याविषयी विचारतात, समुपदेशनाला येणारे लोक ती वाचूनच आलेले असतात, आणि वाचनालयात कादंबऱ्यांच्या खालोखाल मागणी त्यांनाच असते. आपल्याकडच्या साहित्यिक मंडळींना या पुस्तकांचं वावडं आहे. मला ते तितकंसं पटत नाही. समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणं एकामागोमाग एक सांगितली, आणि स्वतःच्या मनाला उद्देशून दोनशे पाच श्लोक लिहिले. ‘कसं वागावं’ हे सरळ सांगणारं लेखन आपल्या परंपरेत कधीच हलकं मानलं गेलं नाही. तेव्हा प्रश्न उपदेश असावा की नसावा हा नाही. कोणता उपदेश, कोणासाठी आणि कोणत्या वेळी, हा आहे.

या पुस्तकांच्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे सॅम्युएल स्माइल्स. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, शिक्षणानं डॉक्टर, पुढे पत्रकार. त्याचं ‘सेल्फ-हेल्प’ हे पुस्तक १८५९ साली प्रसिद्ध झालं. डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथही त्याच वर्षीचा, आणि दोन्हींचा प्रकाशकही एकच, लंडनचा जॉन मरे. स्माइल्सच्या पुस्तकात शोधक, इंजिनिअर, कुंभार, विणकर अशा कष्टानं वर आलेल्या माणसांची चरित्रं आहेत. हे पुस्तक जन्मलं कसं, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. लीड्स शहरातल्या काही गरीब तरुण कामगारांनी हिवाळ्यातल्या संध्याकाळी एकत्र जमून एकमेकांना लिहायला-वाचायला, गणित करायला शिकवायला सुरुवात केली. ज्याला जे येतं ते त्यानं दुसऱ्याला शिकवायचं. संख्या वाढली तेव्हा त्यांनी एक मोठी कळकट खोली भाड्यानं घेतली. त्याआधी त्या खोलीत कॉलऱ्याच्या रोग्यांचं तात्पुरतं इस्पितळ होतं, म्हणून दुसरं कोणी ती घ्यायला तयार नव्हतं. या मुलांनी स्माइल्सला बोलायला बोलावलं. तिथं केलेल्या भाषणांतून पुढे पुस्तक तयार झालं.

म्हणजे ‘स्वमदत’ हा शब्द ज्या पुस्तकानं जगभर नेला, त्या पुस्तकाचा उगम एका गटात होता, जवळजवळ बचत गटासारख्याच. स्माइल्सला स्वतःलाही पुढे शीर्षकाची चुटपुट लागली. नुसतं शीर्षक वाचून लोक हा स्वार्थाचा गौरव समजतात, अशा आशयाचा खुलासा त्यानं नंतरच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत केला. पण शब्द एकदा सुटला तो सुटला. १९३६ मध्ये डेल कार्नेगीचं आणि १९३७ मध्ये नेपोलियन हिलचं पुस्तक आलं, तोवर गट मागे पडला होता आणि एकटा वाचक उरला होता.

आता फायद्याकडे वळू. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. ज्यांना मानसिक आजार आहे आणि तरीही उपचार मिळत नाहीत, अशा लोकांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के निघालं. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण तालुक्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ शोधायला निघालेल्या कोणालाही आपल्याकडचं चित्र वेगळं आहे असं वाटणार नाही. तज्ज्ञ असला तरी त्याच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढताना कोणी ओळखीचं बघत तर नाही ना, ही धास्ती असते. अशा वेळी दोनशे-अडीचशे रुपयांचं पुस्तक घरी, कोणालाही न कळता, हवं तितक्या वेळा वाचता येतं, ही काही लहान गोष्ट नाही. ‘मला जे होतंय त्याला नाव आहे, आणि ते इतरांनाही होतं’ एवढं कळलं तरी छातीवरचं ओझं हलकं होतं. मी हे अनेकदा पाहिलं आहे.

शिवाय काही पुस्तकं खरोखर गुण देतात, याला पुरावा आहे. डेव्हिड बर्न्स या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाचं ‘फीलिंग गुड’ हे पुस्तक १९८० साली आलं. त्यात एरन बेक यांच्या उपचारपद्धतीचे धडे सामान्य वाचकाला करता येतील असे दिले आहेत. मनात आलेला काळा विचार कागदावर लिहायचा, त्याला पुरावा काय ते शेजारी लिहायचं, मग त्याच प्रसंगाकडे बघण्याची दुसरी रीत लिहायची. अलाबामा विद्यापीठातले फॉरेस्ट स्कोगिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीला साठीपुढच्या, सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या लोकांना हे पुस्तक वाचायला दिलं. वाट पाहत ठेवलेल्या लोकांच्या तुलनेत वाचणाऱ्यांची लक्षणं स्पष्टपणे कमी झाली. पुढे तरुण प्रौढांवरही असे प्रयोग झाले. मात्र त्यात एक बारकावा होता. संशोधकांकडून दर आठवड्याला वाचकांना छोटासा फोन जायचा. उपचार म्हणून नाही, नुसती विचारपूस : कुठवर आलात, काही अडलं का? पुस्तक एकटं नव्हतं. आजही ब्रिटनमध्ये सौम्य नैराश्यासाठी डॉक्टरांना ज्या अधिकृत मार्गदर्शक सूचना आहेत, त्यांत ‘मार्गदर्शनासह स्वमदत’ हा एक रीतसर उपाय आहे. त्यातला ‘मार्गदर्शनासह’ हा शब्द विसरायचा नाही.

याच विचारधारेतले दुसरे मोठे नाव अल्बर्ट एलिस. कि. मो. फडके आणि अंजली जोशी यांच्या लेखनामुळे ते मराठी वाचकाला परके नाहीत. एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला विलक्षण घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ठरवलं, की न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या वनस्पती उद्यानात रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की शेजारी बसून बोलायला लागायचं. महिनाभरात त्यांना अशा सुमारे एकशे तीस मुली दिसल्या. तीसेक लगेच उठून गेल्या, शंभरेकींशी बोलणं झालं. एकीनं पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही! (आजच्या मुलींनी हा प्रयोग कितपत चालवून घेतला असता, ही शंका मला आहेच.) पण आकाश कोसळलं नाही, आणि एलिस यांची भीती गेली. ही गोष्ट ते स्वतः पुढे आयुष्यभर सांगत राहिले. स्वमदत म्हणावी तर ही. यात पुस्तक वाचणं थोडं आणि बाकावर जाऊन बसणं फार आहे.

इथेच पहिला खड्डा लागतो. आमच्या वाचनालयात परत आलेली या प्रकारची पुस्तकं मी मुद्दाम चाळून बघते. पहिली चाळीस-पन्नास पानं मळलेली, कोपरे दुमडलेले, पेन्सिलीच्या खुणा. पुढची पानं कोरी करकरीत. स्वाध्यायासाठी सोडलेल्या रिकाम्या ओळींत कोणी काही लिहिलेलं नसतं. अर्थात पुस्तकात लिहायचं नाही हा नियम आम्हीच केलेला आहे, तेव्हा तो पुरावा मी धरत नाही. पण पहिल्या प्रकरणांतच एक उभारी येते, काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि खरं काम सुरू व्हायच्या आत पुस्तक परत येतं. पुढच्या आठवड्यात तोच वाचक तसंच दुसरं पुस्तक नेतो. व्यायामशाळेची वर्षाची फी भरली की अर्धं वजन उतरल्यासारखं वाटतं ना, त्यातलाच प्रकार.

दुसरा खड्डा असा, की तज्ज्ञाच्या हाताखाली चालणारी रीत नुसत्या पुस्तकातून चालेलच असं नाही. याचं एक मजेदार पण बोलकं उदाहरण आहे. नेथन एझ्रिन आणि रिचर्ड फॉक्स या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना शी-शू सांगायची सवय लावण्याची एक पद्धत शोधली. ती त्यांच्या हातून छान चालत होती. म्हणून १९७४ मध्ये त्यांनी पुस्तक काढलं, एका दिवसाच्या आत सवय लावा असं आश्वासन देणारं. ते प्रचंड खपलं. १९७७ मध्ये दुसऱ्या दोन संशोधकांनी ते तपासलं. पाच आयांना तज्ज्ञाच्या देखरेखीखाली पद्धत वापरायला दिली, पाच आयांना नुसतं पुस्तक दिलं. देखरेखीखालच्या पाचपैकी चौघींना जमलं, नुसत्या पुस्तकावर पाचपैकी एकीलाच. संख्या छोटी आहे, मान्य. पण ज्यांना जमलं नाही त्यांच्या घरी काय झालं ते बघा. मुलं आक्रस्ताळी झाली, आया चिडल्या, दोघांमधलं नातं ताणलं गेलं. पुस्तक लिहिणारे भोंदू नव्हते, पद्धत खोटी नव्हती. तरीही पाचव्या पायरीवर मूल रडायला लागलं तर काय करायचं, हे आईला शेजारी बसून सांगणारं कोणी नव्हतं.

तिसरी गोष्ट ‘सकारात्मक विचारां’ची. आरशासमोर उभं राहून ‘मी यशस्वी आहे, मी सुंदर आहे’ असं रोज म्हणायला सांगणाऱ्या पुस्तकांना तोटा नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोअॅन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याची परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांना चार मिनिटं मनातले विचार लिहायला सांगितले, आणि दर पंधरा सेकंदांनी घंटी वाजली की ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य मनात म्हणायला सांगितलं. ज्यांना स्वतःविषयी आधीच बरं वाटत होतं, त्यांना किंचित अधिक बरं वाटलं. ज्यांचा आत्मसन्मान कमी होता, म्हणजे ज्यांच्यासाठी हे औषध म्हणून सांगितलं जातं, त्यांना उलट अधिक वाईट वाटलं. विचार केला तर यात नवल नाही. जे मनाला मुळीच पटत नाही ते वाक्य मोठ्यानं म्हटलं, की मन लगेच उलट साक्षी-पुरावे काढून बसतं.

गॅब्रिएल ओटिंजन या जर्मन संशोधिकेनं यशाच्या स्वप्नरंजनाचा अभ्यास केला आहे. तिनं विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या तरुणांना विचारलं, नोकरी मिळेल अशा गोड कल्पनांत तुम्ही किती रमता? दोन वर्षांनी पाहिलं तर जास्त रमणाऱ्यांनी कमी अर्ज केले होते, त्यांना कमी नोकऱ्या देऊ केल्या गेल्या होत्या आणि पगारही कमी होते. गंमत म्हणजे ‘नोकरी मिळण्याची शक्यता चांगली आहे’ असा अंदाज असलेल्यांचं मात्र बरं झालं होतं. म्हणजे आशा वेगळी आणि दिवास्वप्न वेगळं. ओटिंजन सुचवतात ते असं : जे हवं ते डोळ्यांपुढे आणा, पण लगेच वाटेतला अडथळाही आणा, आणि तो आला की मी अमुक करीन हे आधीच ठरवा. ‘रोज अभ्यास करीन’ असं म्हणण्यापेक्षा ‘रात्री जेवण झालं की मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवीन’ हे ठरवलेलं जास्त पाळलं जातं. पीटर गोलवित्झर यांचं या ‘जर-तर’ नियोजनावरचं संशोधन चांगलं भक्कम आहे. असले साधे, रुक्ष वाटणारे सल्ले मुखपृष्ठावर शोभत नाहीत, हीच त्यांची अडचण.

आता मला ज्याची सर्वांत जास्त काळजी वाटते त्याकडे येते. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत राज्यभरातून आलेली मुलं-मुली स्पर्धा परीक्षांसाठी बसलेली असतात. राज्यसेवेच्या जागा शेकड्यांत, अर्ज लाखांत. निकाल लागला की निवड झालेल्यांचे सत्कार होतात, भाषणं होतात, ती मोबाईलवर फिरतात. ‘मी हार मानली नाही, म्हणून मिळालं’ असं तो अधिकारी प्रामाणिकपणे सांगतो. त्याच्याइतकीच हार न मानलेली, त्याच्याच शेजारच्या टेबलावर बसलेली आणि दोन गुणांनी राहिलेली मुलं सत्काराच्या व्यासपीठावर येत नाहीत. त्यांचं भाषण कोणी ठेवत नाही. यशाची पुस्तकं अशीच तयार होतात. जे पोहोचले त्यांना विचारून वाट लिहायची, त्याच वाटेनं निघून मध्येच राहिलेल्यांची मोजदाद करायचीच नाही.

एक मुलगा माझ्याकडे आला होता, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. चौथ्या प्रयत्नातही पूर्वपरीक्षेत राहिलेला. खोलीच्या भिंतीवर ‘मी अधिकारी झालोच आहे’ असं लिहिलेले कागद. तीव्र इच्छा केली की विश्व ती पूर्ण करतं, असं सांगणारं पुस्तक त्यानं इतक्या वेळा वाचलं होतं की शिवण उसवली होती. तीन आठवडे झोप नव्हती, जेवण उतरलं होतं. तो म्हणाला, “मॅडम, माझ्या इच्छेतच खोट होती. मनात कुठंतरी शंका आली असणार, म्हणून नाही झालं.” सहा-सहा तास अभ्यास करून नापास झाल्याचं दुःख होतंच. त्यावर हा नवा गुन्हा, मनात शंका येऊ दिल्याचा. दुष्काळात तेरावा महिना तो हा. त्याला नैराश्याचा आजार होता आणि औषधांची गरज होती. मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. घरच्यांनी आधी आणखी एक पुस्तक आणून दिलं होतं.

या प्रकारच्या सल्ल्याची मेख ध्यानात घ्या. जमलं तर पुस्तक खरं, नाही जमलं तर तुम्ही कमी पडलात. पुस्तक कधीच हरत नाही. डॉक्टरचं औषध लागू पडलं नाही तर डॉक्टर औषध बदलतो. इथं रोगीच बदलायला सांगतात. २००६ मध्ये आलेल्या रॉन्डा बर्न यांच्या ‘द सिक्रेट’नं ही आकर्षणाच्या नियमाची कल्पना घरोघर नेली. तिचा हिशेब पुरा केला तर आजारी माणसानं आजार, गरिबानं गरिबी स्वतःच ओढवून घेतली असं म्हणावं लागेल. हे मला नुसतं चुकीचं वाटत नाही, निष्ठुर वाटतं.

बायकांच्या बाबतीत याचीच दुसरी तऱ्हा दिसते. ‘पहाटे पाचला उठा, पहिला तास स्वतःला द्या’ असं पुस्तक सांगतं. जिच्या घरी नळाला पाणीच पहाटे चारला येतं, सहाला डबे आणि सातला सासूबाईंची औषधं, तिनं हा तास आणायचा कुठून? तिच्या थकव्यावर उपाय घरातल्या कामाच्या वाटणीत आहे. कधी तो रक्ताच्या तपासणीतही असतो. हिमोग्लोबिन सहा-सात असलेली किंवा थायरॉइड बिघडलेली बाई महिनोन्‌महिने ‘उत्साह कसा वाढवावा’ वाचत बसते, हे मी पाहिलेलं आहे.

मग पुस्तक निवडावं कसं, असं लोक विचारतात. मी आधी शेवटची पानं बघते. हे पुस्तक कोणासाठी नाही, कधी ते बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावं, हे लेखकानं कुठं लिहिलंय का? लिहिलं असेल तर माझा विश्वास बसतो. पुस्तक करायला काय सांगतं ते बघते. नुसत्याच गोष्टी आणि सुविचार असतील तर ते करमणुकीसाठी वाचावं, त्यात वाईट काही नाही. एका समस्येवरचं पुस्तक सगळ्या आयुष्यावरच्या पुस्तकापेक्षा बहुधा बरं. झोपेवरचं झोपेवर, भीतीवरचं भीतीवर. आणि एका वेळी एकच. दोन आठवडे सतत मन उदास आहे, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडली आहे, तर पुस्तक पुरेसं नाही. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबायचं नाही. ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येतं, मराठीतही, आणि पैसे पडत नाहीत.

आणि शक्य असेल तर एकट्यानं वाचू नका. अमेरिकेत ॲक्रन गावी १९३५ मध्ये दोन दारुड्यांनी एकमेकांना धरून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ सुरू केली. आज आपल्याकडेही गावोगाव तिच्या सभा भरतात. पुण्यात १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्येही व्यसनातून बाहेर पडलेली माणसं नव्यांना हात देतात. तिथला सल्ला पुस्तकातल्यापेक्षा फार शहाणा असतो असं नाही. पण तो देणारा माणूस समोर बसलेला असतो, आणि पुढच्या आठवड्यात तो तुम्हाला विचारणार असतो.

वेल्समधल्या कार्डिफ शहरात २००३ मध्ये नील फ्रूड या मानसशास्त्रज्ञानं एक योजना काढली. डॉक्टरनं चिठ्ठीवर औषधाऐवजी पुस्तकाचं नाव लिहायचं आणि रोग्यानं ते सार्वजनिक वाचनालयातून घ्यायचं. पुस्तकं मात्र तज्ज्ञांनी निवडलेली. २०१३ पासून इंग्लंडभर तशीच योजना चालू झाली. आमच्या वाचनालयात आम्ही त्याची छोटी नक्कल केली आहे. कार्यकारिणीत थोडा वाद झाला, मग बारा पुस्तकं निवडून वेगळ्या कप्प्यात ठेवली. प्रत्येकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर १४४१६ हा क्रमांक आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचे दिवस चिकटवले आहेत. शनिवारी संध्याकाळी तासभर मी किंवा माझी एक सहकारी तिथं बसते. इतर पुस्तकं पंधरा दिवसांत परत करावी लागतात, ही सहा आठवडे ठेवता येतात. उशीर झाला तर दंड नाही. आणि सोबत एक कोरी वही देतो, म्हणजे लिहायचं ते तिच्यात लिहिता येतं.